बेलाच्या पानाची गोळी

सासूबाईंची बोटं आखडायला लागली तेव्हा आम्ही कुणी ते मनावर घेतलं नाही. चाळीस वर्षं वाकून भात लावलेली बाई, तिचे हात दुखणारच, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घर कर्जत-चौक रस्त्यापासून थोडं आत. नवरा रसायनीला कंपनीत, शिफ्टवर. शाळा सुटली की कर्जतमधल्या एका मेडिकलमधून मी दुखण्याच्या गोळ्या घ्यायची आणि घरी जायची. एवढाच माझा वाटा.

त्या मेडिकलमध्ये एक ताई बसतात. पन्नाशीच्या असतील. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. गोळ्यांचं पाकीट कापून द्यायचं झालं तर आधी ते उलटं करून बघणार, आणि कात्री अशी चालवणार की औषधाचं नाव आणि तारीख गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर राहील. मी तिसऱ्यांदा गोळ्या मागितल्या तेव्हा त्यांनी पाकीट हातात धरून ठेवलं.

"बाई, ह्या कुणाला?"

"सासूबाईंना. हात दुखतात त्यांचे."

"एक हात की दोन्ही?"

"दोन्ही. बोटं जास्त."

"सकाळी उठल्यावर बोटं किती वेळ उघडत नाहीत? चहा होईपर्यंत, का दुपारचं जेवण होईपर्यंत?"

एकाच घरात राहून मला ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम स्वयंपाकघरात उभी राहिले. सासूबाई आल्या आणि चहाचं पातेलं त्यांनी दोन्ही मनगटांमध्ये धरून उचललं. बोटं कुठेच लागली नाहीत. साखरेच्या डब्याचं झाकण त्यांनी माझ्यापुढे केलं, "उघड गं जरा." हे त्या रोजच करत होत्या. मी शाळेच्या घाईत रोज झाकण उघडून देत होते आणि मनातल्या मनात थोडी चिडतही होते. त्यांची मूठ वळली तेव्हा दहा वाजून गेले होते.

ताईंना हे सांगितलं. त्यांनी गोळ्या दिल्याच नाहीत.

"झिजलेला सांधा काम केल्यावर दुखतो, बसल्यावर बरा वाटतो. ह्यांचं उलटं आहे. रात्रभर आराम झाला की आखडतात आणि कामाला लागल्या की मोकळ्या होतात. हे दाबून ठेवायचं दुखणं नव्हे, बाई. पनवेलला सांध्यांच्या डॉक्टरांकडे न्या. ह्याच महिन्यात न्या."

डॉक्टरांनी रक्त तपासलं, हातांचे फोटो काढले. आमवात निघाला. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं, असं त्यांनी समजावलं. अजून थोडं लांबवलं असतं तर बोटं वाकडी झाली असती. त्यांनी एक बारीक पिवळी गोळी लिहून दिली, आठवड्यातून एकदाच घ्यायची. बाकीचे सहा दिवस दुसरी एक, ताकदीची. तीही बारीक, तीही पिवळीच.

चिठ्ठी बघून ताई म्हणाल्या, "उद्या सासूबाईंनाच घेऊन या."

सासूबाईंना वाचता येत नाही. ताईंनी त्यांना काउंटरच्या आतल्या खुर्चीत बसवलं.

"आजी, उपास कुठला करता?"

"सोमवार."

"मग ही गोळी सोमवारची. उपास सोडला, जेवलात, की घ्यायची. इतर कुठल्याही दिवशी हिला हात लावायचा नाही. ही रोज घेतली तर विष आहे."

मग त्यांनी हिरवा मार्कर घेतला आणि आठवड्याच्या गोळीच्या पाकिटावर, मागच्या चंदेरी बाजूला, बेलाचं पान काढलं. तीन दलांचं, देठासकट. "ह्याच्यावर बेल आहे. बेल कधी वाहायचा?"

सासूबाई हसल्या. "सोमवारी! मंगळवारी बेल कोन वाहतंय?"

दीड वर्ष एकदाही चूक झाली नाही. सासूबाई दर सोमवारी रात्री जेवून उठायच्या, पाकीट उलटं करून पान बघायच्या आणि गोळी घ्यायच्या. सहा महिन्यांत मूठ वळायला लागली. झाकणं त्या स्वतः उघडू लागल्या. पुन्हा भाकरी थापू लागल्या. दर महिन्याला ताई नव्या पाकिटावर नवं पान काढायच्या. मला ते गोड वाटायचं. त्याच्यावर काय तोललेलं आहे हे मला कळलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याला दिरांकडे गेलो. गोळ्या संपत आल्या होत्या. दिरांनी तिथल्याच दुकानातून सगळी औषधं आणली आणि आईसाठी म्हणून एक सात कप्प्यांचा डबा आणला. एकेका कप्प्यावर वार छापलेला. सगळ्यांना तो फार आवडला. मंगळवारी संध्याकाळी मी तो भरायला बसले. दोन्ही पाकिटं वेगळ्याच कंपनीची होती. गोळ्या बोटांनी दाबून फोडल्या, दोन लहान ढीग केले, आणि कप्प्यांत टाकल्या.

सासूबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "यात बेलाची कंची गं?"

मी म्हटलं, "आता बेलाची गरज नाही, आई. डब्यावर वार लिहिलेत. मी भरून देते ना."

त्यांनी मान डोलावली. मी शिकवणारी बाई. माझ्या भरण्यात काय चूक असणार?

रविवारी आम्ही घरी परतलो. पुढच्या मंगळवारी मी डबा पुन्हा भरला. त्याच दिवशी सासूबाईंचं तोंड आलं. आधी त्यांनीच उपाय केले, परसातल्या जाईचा पाला चावला, जिभेला तूप लावलं. बुधवारी त्यांना भात गिळवेना. "उष्णता झालीय. दिवाळीचं तेलकट खाल्लं ना," म्हणाल्या. गुरुवारी सकाळी अंगात कसकस होती. मी स्कूटर काढली आणि तोंडाला लावायची ट्यूब आणायला कर्जतला गेले.

ताईंनी ट्यूब काढली. काउंटरवर ठेवता ठेवता विचारलं, "कुणाला?"

"सासूबाईंना. तोंड आलंय."

ट्यूब त्यांच्या हातातच राहिली.

"कधीपासून?"

"परवापासून."

"गिळायला त्रास? ताप?"

"दोन्ही थोडं थोडं."

"गोळ्या गेल्या महिन्यात माझ्याकडून नेल्या नाहीत तुम्ही."

"पुण्याला घेतल्या. दिरांनी—"

"घरी कोण आहे आत्ता?"

नवऱ्याची दुसरी पाळी होती, तो घरीच होता. "व्हिडिओ कॉल लावा," ताई म्हणाल्या. "गोळ्यांची सगळी पाकिटं आणायला सांगा." मी म्हटलं, आता पाकिटं वापरत नाही, डबा आहे. "डबापण आणायला सांगा."

नवऱ्याने फोनसमोर पाकिटं धरली. ताईंनी चष्मा चढवला. "उलटं करा. अजून जवळ. थांबा." त्यांनी नाव वाचलं. "ह्या नावाच्या गोळ्या किती काढल्यात? रिकामी घरं मोजा."

"बारा," नवरा म्हणाला.

"डब्यात आता किती उरल्यात?"

"गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार... चार. आणि सोमवारची आहे ती जरा वेगळी दिसते."

"म्हणजे आठ पोटात गेल्या," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. पण त्यांचा एक हात काउंटरच्या काचेवर दाबलेला होता आणि बोटांची टोकं पांढरी पडली होती. "नऊ दिवसांत आठ. जायला हवी होती एक."

मला तेव्हा कळलं. दोन पिवळे ढीग डोळ्यांसमोर आले. मी ते उलटे भरले होते. विषाची गोळी सहा कप्प्यांत आणि ताकदीची सोमवारी.

पुढचा अर्धा तास मी जे पाहिलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. ताईंनी मला स्टुलावर बसवलं आणि नवऱ्याला फोनवरच सांगितलं, "आईंना गाडीत घाला. ती गोळी पुन्हा द्यायची नाही. त्यांना पाणी पाजत राहा. गावच्या फाट्यावर थांबा, बाई तिथे येतील. पनवेलला जायचंय, कुठे ते मी सांगते." मग त्यांनी शटर अर्धं ओढलं. बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना "दहा मिनिटं" एवढंच म्हणाल्या.

पहिला फोन सांध्यांच्या डॉक्टरांना. त्यांनी भरती करायला सांगितलं आणि एका इंजेक्शनचं नाव घेतलं. ताईंना ते माहीत होतं. त्या गोळीचा उतारा तोच. "पण इंजेक्शन तिथे शिल्लक आहे का, ते बघूनच पाठवते," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. मग त्यांनी हॉस्पिटलच्या मेडिकलला फोन केला. नव्हतं. दुसऱ्या हॉस्पिटलला केला. सकाळीच संपलं होतं. होलसेलवाल्याला केला, तो संध्याकाळी देतो म्हणाला. "संध्याकाळ उशिरा होईल," म्हणून त्यांनी फोन ठेवला. चौथा फोन त्यांच्याबरोबर कॉलेजात शिकलेल्या एका बाईला, जी पनवेलच्याच एका तिसऱ्या हॉस्पिटलात औषधं सांभाळत होती. "तुझ्याकडे किती आहेत? माझ्या पेशंटसाठी बाजूला काढून ठेव. तासाभरात येतायत. हो, माझीच पेशंट."

माझीच पेशंट, असं त्या म्हणाल्या. गोळ्या पुण्याच्या, चूक माझी, आणि त्या काउंटरपलीकडून तसं म्हणत होत्या.

बोलता बोलता त्यांचा दुसरा हात कागदावर लिहीत होता. औषधाचं नाव, गोळीची ताकद, कुठल्या वारापासून कुठल्या वारापर्यंत, किती, शेवटची कधी, वजन अंदाजे, ब्लडप्रेशरची गोळी कुठली, तोंड कधी आलं, ताप कधी. अक्षर असं की माझ्या चौथीच्या मुलांनाही वाचता यावं. कागद घडी करून त्यांनी माझ्या हातात दिला आणि माझी बोटं त्याच्यावर मिटवली.

"रडायचं नंतर. हा कागद आधी दाखवायचा, केसपेपरच्याही आधी."

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर होता. त्याने कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि काही न विचारता नर्सला इंजेक्शन आणायला सांगितलं. ते खाली तयार होतं. सलाइन सुरू झाल्यावर त्याने विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"आमच्या मेडिकलवाल्या ताईंनी."

"हे शोधून काढायलाच आमचे दोन दिवस गेले असते," तो म्हणाला. "तोंड आलंय, ताप आहे, एवढ्यावरून कुणाला सुचणार?"

रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप उतरल्या होत्या. तीन दिवस सासूबाईंना कुणाला भेटू देत नव्हते. मी काचेतून बघायची. ओठ सोललेले, डोळे मिटलेले. चौथ्या दिवशी त्यांनी चमचाभर पेज गिळली. सातव्या दिवशी आकडे वर सरकले. त्या दिवशी नणंद आणि दीर आले. नणंदेने विचारलं, "डबा कुणी भरला होता?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "मीच खाल्ल्या गं. मला काय वाचता येतंय? माज्याच हातनं झालं." आणि माझ्याकडे न बघता भिंतीकडे तोंड केलं. नवऱ्याला खरं माहीत होतं. तोही गप्प राहिला.

अकराव्या दिवशी घरी आलो. डॉक्टरांनी ती गोळी कायमची बंद करून दुसरं औषध सुरू केलं.

मी ताईंकडे गेले ते सांगून टाकायला. दुकानात कुणी नव्हतं.

"ताई, डबा मी भरला होता."

"माहीत आहे."

मला वाटलं आता त्या रागावतील, नाहीतर समजूत घालतील. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. त्यांनी विचारलं, "किती वाजता भरलात? कुठे बसून? उजेड कसा होता? टीव्ही चालू होता का? दोन्ही पाकिटं एकदमच फोडली, का एक संपवून दुसरं?" मी एकेक सांगत गेले. संध्याकाळ, हॉल, टीव्हीवर मुलांचं काहीतरी, दोन्ही पाकिटं एकदम. त्या मान हलवत ऐकत होत्या. गावातली बाई पाण्याच्या पाइपवरून हात फिरवत गळती शोधते तसं.

"माझ्याकडेही एक राहिलंच," शेवटी म्हणाल्या. "आजींना दाखवलं. घरात दुसरं कुणी गोळ्या हाताळेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून तुम्हाला समजावलंच नाही मी."

तेव्हापासून आठवड्याची गोळी नेणाऱ्या प्रत्येक घरातल्या दुसऱ्या माणसालाही त्या बोलावतात. दोन्ही गोळ्या तळहातावर ठेवून दाखवतात, उजेडात.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बऱ्याचदा त्यांच्या बाकावर बसले. औषध घ्यायचं निमित्त असायचं, पण खरं तर मला बघायचं असायचं. खालापूरच्या कुठल्याशा कचेरीतून रिटायर झालेले एक काका यायचे. एका सकाळी त्यांना गुडघ्यासाठी सगळ्यात कडक गोळी हवी होती.

"पाय सुजतात का संध्याकाळी?" ताईंनी विचारलं.

"सुजतात."

"प्रेशरच्या गोळ्या दोन आहेत ना तुम्हाला? मग ही तुमच्या किडनीला झेपणार नाही. हा मलम घ्या. आणि काठी कुठल्या हातात धरता?"

"उजव्या. उजवाच गुडघा दुखतो ना."

"डाव्या हातात धरा."

काका म्हणाले, "काहीतरीच काय!" ताई बाहेर आल्या आणि रस्त्यावर त्यांना काठी डाव्या हातात देऊन समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत चालवून आणलं. जाताना काका कुरकुरत होते. येताना मध्येच थांबून त्यांनी गुडघ्याकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

आणि बाजाराच्या दिवशी ती यायची. डोंगरावरच्या वाडीतली ठाकर बाई, कोंडाणे गावाच्या वरच्या अंगाला राहणारी. टोपलीत त्या दिवसांत करवंदं असायची. तिलाही माझ्या सासूबाईंचंच दुखणं होतं आणि तीच आठवड्याची गोळी. तिची बोली मला निम्मी कळायची नाही, ताईंना सगळी कळायची. ती टोपली खाली ठेवायची आणि सरळ काउंटरशी जायची. ताई खणातून तिच्या नावाचं पाकीट काढायच्या, एकच गोळी तिच्या हातावर ठेवायच्या, तांब्यातून पाणी द्यायच्या. ती तिथेच उभी राहून गोळी घ्यायची. पाकीट पुन्हा खणात. ते कधी वाडीवर गेलंच नाही.

मी विचारलं, "आणि पावसाळ्यात नाही आल्या तर?"

"तीन वर्षांत दोनदा आली नाही. दोन्ही वेळा मी खालच्या गावातल्या टमटमवाल्याकडे निरोप दिला. दुसऱ्या दिवशी आली. चार तास उतरून आली होती, बाई."

मी त्या बाईकडे बघितलं. ती बोटं पसरून ताईंना दाखवत होती. काळी, चिरा पडलेली, करवंदाच्या चिकाने माखलेली, आणि सरळ. दहाच्या दहा सरळ. घरात वार लिहिलेला डबा नाही, अक्षरओळख नाही, आणि तीन वर्षांत एक गोळी चुकली नाही. एका खणामुळे आणि ते उघडणाऱ्या एका बाईमुळे. मी वीस वर्षं मुलांना शिकवते आहे. समोरच्याला समजलं की नाही, याचा इतका बारीक विचार मी कधी केला होता, असं मला त्या बाकावर बसून वाटलं. लाज वाटली असं म्हणता येणार नाही. मोठ्या धबधब्याखाली उभं राहिल्यावर माणूस गप्प होतो, तशी मी गप्प झाले.

सासूबाईंना पुन्हा बाहेर पडण्याइतकी ताकद यायला गणपती उजाडले. एके दिवशी त्याच म्हणाल्या, "मला त्या ताईंकडं ने." पातळ नेसून, केस विंचरून त्या स्कूटरवर मागे बसल्या. दुकानात गेल्यावर मला वाटलं त्या आता पाया पडतात की काय. ताईंनाही तसं वाटलं असावं, कारण त्या घाईने काउंटरबाहेर आल्या आणि त्यांनी सासूबाईंचे दोन्ही हात आधीच धरले. धरले ते सोडलेच नाहीत. अंगठ्याने एकेक पेर दाबून बघायला लागल्या.

"इथे दुखतं?"

"नाय."

"इथे?"

"थोडं."

"मूठ करा बघू."

सासूबाईंनी मूठ केली. पूर्ण वळली नाही, करंगळी जरा बाहेर राहिली.

"अजून थोडी राहिलीय," ताई म्हणाल्या. "येईल. कोमट पाण्यात हात बुडवून रोज सकाळी वळायची, दहा वेळा. मोजून."

"मोजीन," सासूबाई म्हणाल्या. त्यांना आणखी काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी ताईंच्या चेहऱ्यावरून आपला हात फिरवला, कानांपाशी बोटं मोडली, मोडता येतील तेवढी. मग एवढंच विचारलं, "तुमी जेवलाव का?"

"अजून नाही, आजी."

"दोन वाजलं," सासूबाई म्हणाल्या, जरा दरडावूनच. ताई हसल्या आणि डबा काढायला आत वळल्या. तेवढ्यात दारात कुणीतरी कंबरेवर हात ठेवून उभं राहिलं, आणि त्या डबा तसाच ठेवून परत काउंटरशी आल्या.